गळकी झडप आणि फुप्फुसातला दाब



आज मी कुत्र्याच्या हृदयाबद्दल बोलणार आहे. लहान चणीच्या कुत्र्याचं वय झालं की त्याच्या हृदयातली एक झडप गळायला लागते, आणि त्या गळतीपायी पुढे फुप्फुसांमधल्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. डॉक्टर त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. आपण फुप्फुसातला दाब म्हणू. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी वेगळा आणि हा दाब वेगळा. पट्ट्याचा बीपी अगदी नॉर्मल असलेल्या कुत्र्याच्याही फुप्फुसात हा दाब दुपटीने वाढलेला असू शकतो.

हा विषय आपल्या चाकणच्या सभेत कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. मंडळी, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या पट्ट्यात कारखाने आले, जमिनी गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, हे आपण रोज बोलतो. पण आपली कुत्रीही बदलली. पूर्वी कुत्रं असायचं वस्तीवर. खळ्याची राखण करायचं, कांद्याच्या चाळीजवळ झोपायचं, शेळ्यांमागे हिंडायचं. ते गावठी कुत्रं काटक. आज आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पांढरा स्पिट्झ आहे, ज्याला आपण सगळे सर्रास पॉमेरियन म्हणतो. ल्हासा आहे, शित्झू आहे, डॅशहुंड आहे. लस वेळेवर मिळते, खाणं चांगलं असतं, म्हणून ही कुत्री बारा-बारा, चौदा-चौदा वर्षं जगतात. ही आनंदाची गोष्ट आहे. आणि नेमक्या याच लहान चणीच्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये झडपेचं हे दुखणं सर्वांत जास्त दिसतं. अमेरिकेतला अंदाज असा, की दवाखान्यात येणाऱ्या दर 100 कुत्र्यांमागे साधारण 10 जणांना हृदयाचा काही ना काही आजार असतो, आणि त्या आजारी हृदयांपैकी सुमारे 75 टक्के ठिकाणी दुखणं याच झडपेचं असतं.

कोणती ही झडप? हृदयाला चार कप्पे. फुप्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून डाव्या खालच्या कप्प्यात उतरतं, आणि तो कप्पा ते अंगभर ढकलतो. या दोन डाव्या कप्प्यांच्या मधली झडप म्हणजे मिट्रल झडप. खालचा कप्पा आवळला की तिने घट्ट मिटायचं, रक्ताला परत वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. वय वाढतं तशी या झडपेची पाती जाड आणि गाठाळ होतात, कडा वळतात, पात्यांना धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या सैल पडतात, कधी तुटतात. मग झडप पुरती मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं वर जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण लोक नेहमी विचारतात. माणसांतही मिट्रल झडप खराब होते. आपल्याकडे गरीब घरांतल्या मुलांमध्ये तर ती वर्षानुवर्षं होत आली आहे. घशाला जंतूंचा संसर्ग, त्यातून संधिवाताचा ताप, आणि त्यातून झडपेवर घाला. त्या मुलांना ठरावीक अंतराने पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं तर झडप वाचवता येते, आणि देशाला ते पेनिसिलिन पुरवण्यासाठीच 1954 साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. कुत्र्याच्या झडपेचं तसं नाही. तो संसर्ग नव्हे. तुम्ही काही चुकीचं खाऊ घातलंत म्हणून झालेलं नव्हे. ते टाळणारं इंजेक्शन आजघडीला तरी कुठेच नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आपल्या हातात एवढंच आहे, की ते वेळेत ओळखायचं आणि पुढच्या पायऱ्या लांबवायच्या.

आता दाब कसा वाढतो ते बघू. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात एक कंटेनर आडवा झाला, तर रांग कुठपर्यंत जाते? कुरुळीच्याही मागे. कुरुळीत अडकलेल्या माणसाला चौक दिसतसुद्धा नाही. त्याच्यासमोर रस्ता धड आहे, खड्डा नाही, तरी तो हलत नाही. हृदयात हेच घडतं. अडचण डाव्या झडपेत. तिथून उलटं आलेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात साठतं आणि तो कप्पा फुगतो. फुप्फुसांतून येणाऱ्या रक्ताला पुढे जागा नाही, म्हणून फुप्फुसांतल्या शिरा तुंबतात. शिरांमागे केशवाहिन्या, केशवाहिन्यांमागे फुप्फुसाची रोहिणी, आणि रोहिणीच्या मागे हृदयाचा उजवा खालचा कप्पा. हा उजवा कप्पा पातळ भिंतीचा. आयुष्यभर कमी दाबाविरुद्ध काम करायची त्याला सवय, कारण निरोगी कुत्र्याच्या फुप्फुस रोहिणीतला वरचा दाब पाऱ्याच्या साधारण 25 मिलिमीटरच्या आसपास असतो. बाकीच्या अंगातल्या दाबाच्या तो पाचवा हिस्सा. आता अचानक या कप्प्याला दुप्पट, कधी तिप्पट जोर लावावा लागतो.

एवढ्यावर ते थांबलं असतं तरी बरं होतं. तुंबलेपण महिनोन् महिने राहिलं की फुप्फुसांतल्या बारीक रोहिण्या स्वतःच आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात. म्हणजे मूळ कारण डावीकडे, पण आता मधल्या वाटेतही नवी अडचण उभी राहिली. असं किती कुत्र्यांत होतं? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झडपेचं दुखणं असलेली 212 कुत्री तपासली होती. त्यांपैकी 83 जणांच्या फुप्फुसात दाब वाढलेला सापडला. शंभरात 39. आणि ज्यांच्यात इकोवरून काढलेला दाबाचा आकडा पाऱ्याच्या 55 मिलिमीटरच्या वर गेला होता, ती कुत्री इतरांपेक्षा लवकर गेली. तो आकडा कसा काढतात ते पुढे सांगतो.

घरातल्या माणसाला यातलं काय दिसतं? सुरुवातीला काहीही दिसत नाही. डॉक्टर छातीला नळी लावतात आणि सांगतात, मर्मर आहे, म्हणजे ठोक्यासोबत गळतीचा आवाज येतो. तुम्ही घाबरता. घाबरू नका. पुष्कळ कुत्री मर्मर घेऊन वर्षानुवर्षं मजेत जगतात आणि शेवटी दुसऱ्याच कारणाने जातात. पुढे काहींना धाप लागू लागते. फुप्फुसातला दाब वाढला की त्यात आणखी भर पडते. जिना चढताना कुत्रं मध्येच बसतं. जीभ निळसर दिसते. पोट फुगतं, कारण उजवी बाजू थकली की पोटात पाणी साठतं. आणि सर्वांत भीतीदायक म्हणजे ते कोसळतं. बेल वाजली, मालक कामावरून आला, कुत्रं आनंदाने उडी मारत दाराशी धावलं आणि आडवं पडलं. मिनिटभरात उठलं, शेपूट हलवायला लागलं. घरचे म्हणतात, फिट आली. शेजारी सांगतात, कांदा हुंगवा. कुणी म्हणतं, वय झालं आता.

मला या "वय झालं" बद्दल फार वाईट वाटतं. वय हा आजार नाही. आनंदाच्या भरात कोसळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचं हृदय आणि फुप्फुसं तपासलीच पाहिजेत. कारण फिटचं औषध वेगळं, ठोक्यांच्या अनियमितपणाचं वेगळं, आणि या दाबाचं आणखी वेगळं. खोकल्याचंही असंच. स्पिट्झ खोकतो तेव्हा त्याची श्वासनलिका चपटी होत असते, किंवा साधा संसर्ग असतो, किंवा फुगलेला डावा कप्पा नलिकेवर दाबत असतो. नुसत्या खोकल्यावरून हृदय निकामी झालं असं ठरवून लघवी वाढवणाऱ्या पाण्याच्या गोळ्या सुरू करणं चूक, आणि नुसतं कफ सिरप पाजत राहणं हीही चूकच. शिवाय फुप्फुसातला दाब प्रत्येक वेळी झडपेमुळेच वाढतो असंही नाही. 2020 साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून कारणांचे सहा गट पाडले. झडपेचं दुखणं हा त्यातला दुसरा गट. फुप्फुसाचे जुने आजार, रक्ताच्या गुठळ्या, डासांमार्फत शिरणारे हृदयातले जंत, हे बाकीच्या गटांत येतात. गट चुकला की उपचार चुकतो.

मग ओळखायचं कसं? आत दाब किती आहे हे बाहेरून कसं कळणार? श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तरापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ते उत्तर तुमच्यासारख्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांच्या जगातून आलं आहे.

आधी एकच मार्ग होता. शिरेतून बारीक नळी थेट हृदयात सरकवायची. 1929 साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने ती स्वतःच्याच दंडातून आत घातली. पुढे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी आधी प्राण्यांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, ही पद्धत बसवली आणि मग माणसांच्या उपचारात आणली. 1956 चं नोबेल या तिघांना मिळालं. पण हे काम भूल देऊन, मोठ्या रुग्णालयात करायचं. धापा टाकणाऱ्या सहा किलोच्या कुत्र्याला ते कसं झेपणार?

दुसरा मार्ग स्वीडनमध्ये सापडला. लुंड शहरात इंगे एड्लर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांची अडचण नेमकी हीच होती. मिट्रल झडप किती बिघडली आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना कळत नव्हतं. त्यांची गाठ पडली कार्ल हेल्मुट हेर्त्स या भौतिकशास्त्रज्ञाशी. हेर्त्सना ठाऊक होतं, की माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतले दोष शोधण्यासाठी ध्वनिलहरींचं एक यंत्र वापरतात. धातूत लहर सोडायची, आत तडा किंवा पोकळी असली की तिथून ती परत फिरते. 1953 साली असंच यंत्र त्यांनी छातीवर ठेवलं आणि हलणाऱ्या हृदयाचा प्रतिध्वनी टिपला. आज आपण ज्याला टू डी इको म्हणतो, त्याची सुरुवात ही. या सभागृहात क्वालिटी विभागात काम करणारे किती जण आहेत? कास्टिंगची, वेल्डची अल्ट्रासोनिक टेस्टिंग तुम्ही करता ना? तुमच्या हातातला प्रोब आणि आम्हा पशुवैद्यांच्या हातातला प्रोब एकाच घराण्यातले आहेत.

इकोवर झडपेची गळती दिसते, फुगलेला कप्पा दिसतो. दाब मात्र दिसत नाही, तो काढावा लागतो. उजव्या कप्प्यावर जोर पडला की बहुतेकदा उजवीकडची झडपही थोडी गळू लागते. त्या गळतीच्या धारेचा वेग यंत्र मोजतं. दाब जितका जास्त, तितकी धार वेगात. डॅनियल बर्नोली यांचा द्रवगतीवरचा ग्रंथ 1738 चा. त्यांच्या नियमाचं सोपं रूप एवढंच, की वेगाचा वर्ग करा आणि चाराने गुणा. धारेचा वेग सेकंदाला 3.4 मीटर आला, तर 3.4 चा वर्ग 11.56, त्याची चौपट साधारण 46. म्हणजे दोन्ही कप्प्यांतला फरक पाऱ्याच्या 46 मिलिमीटरचा. वेग 3.4 च्या वर आणि सोबत उजवी बाजू फुगल्याच्या खुणा असतील, तर फुप्फुसात दाब असण्याची शक्यता दाट. भूल नको, सुई नको. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, मालकिणीने डोक्यावर हात ठेवायचा, आणि अर्ध्या-पाऊण तासात हे सगळं कागदावर येतं.

उपचाराबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ज्याचं मूळ डावीकडे, त्याचा इलाज आधी डावीकडे. पाण्याच्या गोळीने तुंबलेलं पाणी उतरवायचं. पिमोबेंडन या औषधाने हृदयाचं आवळणं सुधारायचं आणि रक्तवाहिन्या सैल करायच्या. डावीकडचा ताण उतरला की पुष्कळ कुत्र्यांत फुप्फुसातला दाब आपोआप खाली येतो. हेच पिमोबेंडन धाप लागण्याच्या आधीही उपयोगी पडतं. 2016 साली अकरा देशांतल्या 360 कुत्र्यांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्या कुत्र्यांना मर्मर होता, हृदय मोठं झालेलं होतं, पण त्रास काही नव्हता. ज्यांना औषध मिळालं त्यांचे बिनत्रासाचे दिवस सरासरी सव्वा वर्षाने वाढले. मंडळी, बारा वर्षं जगणाऱ्या जिवाला सव्वा वर्ष म्हणजे किती, याचा विचार करा. आणि हा फायदा मिळाला तो इकोवर आणि एक्स-रेवर मोजून ज्यांचं हृदय खरोखर मोठं ठरलं अशांना. मर्मर ऐकू आला की सरसकट प्रत्येकाला गोळी, असा त्याचा अर्थ नाही.

आता सिल्डेनाफिल. हो, तेच औषध. मुळात ते छातीतल्या कळेसाठी शोधलं जात होतं, 1998 साली पुरुषांच्या तक्रारीसाठी बाजारात आलं, आणि 2005 मध्ये माणसांच्या फुप्फुसातल्या दाबासाठीही अमेरिकेत मान्य झालं. फुप्फुसांतल्या आकसलेल्या रोहिण्या ते सैल करतं. वारंवार कोसळणारं कुत्रं या गोळीने पुन्हा हिंडूफिरू लागल्याचं मी पाहिलं आहे. पण हे औषध गळक्या झडपेच्या कुत्र्याला इको न करता, डावी बाजू न सावरता दिलं तर काय होतं? फुप्फुसांतली वाट एकदम मोकळी होते, जास्त रक्त डावीकडे येतं, आणि डावीकडे तर जागाच नाही. ते पाणी फुप्फुसात उतरतं आणि कुत्रं रात्रीत गुदमरू शकतं. म्हणून कुणाच्या कुत्र्याला गुण आला म्हणून त्याची उरलेली स्ट्रिप आणून आपल्या कुत्र्याला देऊ नका. हात जोडून सांगतो, देऊ नका.

या औषधाची आणखी एक बाजू आहे. मेडिकलमध्ये ही गोळी मागायला संकोच वाटतो, विशेषतः आपल्या लेकी-सुनांना. काउंटरवरच्या चार माणसांसमोर त्या नाव उच्चारत नाहीत, परत येतात, आणि दोन दिवसांचा खंड पडतो. हा खंड कुत्र्याला महागात पडतो, कारण कुत्र्याच्या अंगात ही गोळी फार वेळ टिकत नाही, ती दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागते. माझी दुकानदार बंधूंना विनंती आहे. चिठ्ठीवर कुत्र्याचं नाव आणि आजार लिहिलेला असतो. तो वाचा आणि औषध द्या. चिठ्ठी नसेल तर देऊ नका.

घरी काय करायचं? कुत्रं गाढ झोपलेलं असताना श्वास मोजायचे. छाती वर गेली आणि खाली आली, हा एक श्वास. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हा मोजू नका, उन्हाळ्यात वीज गेल्यावर धापा टाकत असेल तेव्हाही मोजू नका. मिनिटाला 30 च्या आत असेल तर ठीक. त्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवा. आकडा वर सरकू लागला आणि पुन्हा पुन्हा 30 च्या पुढे येऊ लागला, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रविवार असला तरी. फुप्फुसात पाणी उतरू लागल्याची खूण बहुतेकदा याच वहीत आधी उमटते. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, मुलं मनापासून करतात.

आता शेवटचा आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा.

मुंबईत परळला दोन जुन्या संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. 1886 चं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि 1926 चं केईएम रुग्णालय. फेब्रुवारी 1968 मध्ये, केपटाऊनच्या पहिल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण वाचला नाही, पण वाट उघडली. त्याआधी कित्येक वर्षं सेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया करून हात तयार करत होते. चारशे वर्षांपूर्वी रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेपासून कुत्र्यांवर असं शिकणं चालत आलं आहे. आज चाकणमधल्या माणसाची अँजिओग्राफी पिंपरी-चिंचवडमध्ये तासाभरात होते, त्या ज्ञानाच्या पायाशी कुत्री आहेत. ती स्वखुशीने आली नव्हती. आपण त्यांचं देणं लागतो, असं मी मानतो.

ते फेडायचं कुठे? जपानमध्ये डॉ. मासामी उएची आणि त्यांचे सहकारी लहान कुत्र्यांची मिट्रल झडप शस्त्रक्रियेने दुरुस्त करतात. आपल्याला एवढ्या लांब जायला नको. आपली गरज साध्या इकोची आहे. जिल्हा परिषदेचे श्रेणी एक आणि श्रेणी दोनचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसाठी, शेळ्यांसाठी उभे राहिले, आणि तिथल्या माणसांनी 2022 मध्ये लम्पीच्या साथीत गोठे पालथे घालून लसी टोचल्या. त्यांच्याकडे मनुष्यबळ कमी, आणि हृदयाचा इको तिथे कुणी अपेक्षितही धरलेला नाही. खासगी इकोसाठी पुण्यात जायचं, नाहीतर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे इथून सुमारे ऐंशी किलोमीटर. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस धापा टाकणारं कुत्रं घेऊन, सुट्टी टाकून, तळेगाव चौक पार करून तिथे कसा पोहोचणार? मग तो अंदाजावर गोळ्या चालू ठेवतो.

इथे उद्योगांचे प्रतिनिधी बसले आहेत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारमानाच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या अधिकृत यादीत प्राणिकल्याण हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. माझी मागणी तिथे बसते. चाकण परिसरातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला हृदयाच्या तपासणीचा प्रोब असलेलं एक इको यंत्र द्या. दोन डॉक्टरांना शिरवळला किंवा परळला शिकायला पाठवा आणि त्यांच्या जागी तेवढे दिवस बदली माणूस द्या, नाहीतर गोठे ओस पडतील. महिन्यातले दोन शनिवार इकोसाठी राखा. त्या दिवशी जनावरांच्या बाजाराला तालुक्यातून माणसं इकडे येतातच, आणि दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांना सकाळ मोकळी असते. यंत्राची देखभाल पाच वर्षांच्या करारात धरा, कारण देखभालीविना यंत्र दुसऱ्या वर्षीच कपाटात जातं. तपासणीची फी ठेवा, पण गेटवरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी ती माफ करा. यंत्राचे तपशील आणि खर्चाचा आराखडा मी लिहून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी एक प्रत घेऊन जावी, आणि ज्यांच्या घरी मर्मर असलेलं कुत्रं आहे त्यांनी शेजारच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा, म्हणजे पहिल्या शनिवारी किती जणांना बोलवायचं हे कळेल.